तक्रार

बोईसर-तारापूरकडील मंडळींच्या तोंडी 'व्हॉट्सॲपवर तक्रार टाकली' हा प्रयोग इतक्या वेळा ऐकू येतो की, त्या शब्दाचे कुळ शोधण्याची इच्छा अनावर झाली. 'तक्रार' हा मूळचा अरबी शब्द असून त्याचा तेथील अर्थ केवळ 'पुनरावृत्ती'. मुशायऱ्यात शेर पुन्हा ऐकवण्याची विनंती करणारा 'मुकर्रर' हा त्याचाच सहोदर. तेच ते बोलण्यातून वाद उद्भवतो, म्हणून हिंदीत 'तकरार' भांडणापाशी थांबली. मराठीने मात्र तिला गाऱ्हाण्याची प्रतिष्ठा दिली.

तारापुरास मूळ अर्थाचीच प्रचिती आली आहे. औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. त्या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने 2016 साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि जानेवारी 2022 मध्ये लवादाने कारखान्यांवर भरपाई बसवली. इतकी वर्षे गाऱ्हाणे तेवत ठेवणे हे पुनरुक्तीवाचून कसे साधावे? आता नाल्याचे तांबूस पाणी किंवा खाडीत तरंगणारी मेलेली मासळी भ्रमणध्वनीत टिपून कोणीही ती शेकडो जणांपुढे मांडू शकतो. तारीख आणि स्थळ यांची नोंद असेल तर ते चित्रण पुराव्याच्या योग्यतेस पोहोचते, नसेल तर नुसती आवृत्ती उरते.

पूर्वी कचेरीत तक्रार 'गुदरत', पुढे ती 'नोंदवू' लागले. आता ती 'टाकतात' आणि संबंधित खात्याला 'टॅग करतात'.