जीमॅट परीक्षा म्हणजे काय? कॉम्प्युटर आपला स्कोअर नेमका कसा ठरवतो?

घरी ‘एमबीए करायचंय’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कॅट देणार की सीईटी? जीमॅटचं नाव निघालंच, तर ‘ती फॉरेनला जाणाऱ्यांची परीक्षा’ म्हणून विषय संपतो. मीही तसंच समजत होतो. नंतर उत्सुकतेपोटी एक मॉक टेस्ट द्यायला बसलो आणि अर्ध्यावरच सोडून दिली. प्रश्न अवघड होत चालले होते, त्यामुळे वाटलं की आपलं काही खरं नाही. खरं तर माझी उत्तरं बरोबर येत होती, म्हणूनच प्रश्न अवघड होत होते! हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हा लेख.

जीमॅट कोण घेतं आणि कुठे चालते?

ही परीक्षा अमेरिकेतली जीमॅक ही संस्था घेते. सुरुवात १९५० च्या दशकातली, आणि १९९७ पासून ती कॉम्प्युटरवर आहे. जगभरातल्या बिझनेस स्कूल हा स्कोअर घेतात. भारतात हैदराबाद आणि मोहालीची आयएसबी घेते. आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स किंवा बंगळुरूचा ईपीजीपी अशा, नोकरीचा अनुभव असलेल्यांसाठीच्या एक वर्षाच्या कोर्सलाही तो चालतो. पण आयआयएमच्या नेहमीच्या दोन वर्षांच्या कोर्ससाठी आपल्याला कॅटच द्यावी लागते. महाराष्ट्राची एमबीए सीईटी हे आणखी वेगळं प्रकरण.

कॅट वर्षातून एकदाच, नोव्हेंबरमध्ये होते. जीमॅट वर्षभर चालू असते. दोन प्रयत्नांमध्ये १६ दिवसांचं अंतर हवं आणि १२ महिन्यांत जास्तीत जास्त ५ वेळा देता येते. स्कोअर ५ वर्षं चालतो. फी मात्र अडीचशे डॉलरच्या वर आहे, त्यामुळे ‘बघू तरी देऊन’ म्हणून द्यायची ही परीक्षा नाही.

पेपर कसा असतो?

तीन सेक्शन, प्रत्येकी ४५ मिनिटं. क्वांटमध्ये २१ प्रश्न, व्हर्बलमध्ये २३ आणि डेटा इनसाइट्समध्ये २०. एकूण ६४ प्रश्न, सव्वादोन तास, मध्ये हवा असेल तर १० मिनिटांचा ब्रेक. कोणता सेक्शन आधी सोडवायचा ते आपण ठरवायचं. कॅल्क्युलेटर स्क्रीनवर मिळतो, पण फक्त डेटा इनसाइट्समध्ये.

याच सेक्शनमध्ये डेटा सफिशियन्सी नावाचा एक मजेदार प्रकार आहे. समजा, एका टपरीवर वडापाव आणि मिसळ मिळून २० प्लेट विकल्या गेल्या. मिसळ किती? पहिलं विधान: वडापाव मिसळीपेक्षा जास्त विकला गेला. दुसरं विधान: वडापावच्या प्लेट मिसळीपेक्षा ४ ने जास्त होत्या. इथे मिसळीचा आकडा काढायचाच नाही. कोणतं विधान पुरेसं आहे एवढंच सांगायचं. पहिल्याने काही कळत नाही, दुसऱ्याने कळतं, म्हणजे एकटं दुसरं विधान पुरेसं. गणित बरं असलेली मुलंही इथे उत्तर काढत बसतात आणि वेळ घालवतात.

आता मुख्य गोष्ट: स्कोअर कसा ठरतो?

भाजीवाल्याचा जुना तराजू आठवा. तो आधी अंदाजाने एक माप ठेवतो. पारडं कुठे झुकतं ते बघून मोठं किंवा लहान माप टाकतो, आणि हळूहळू काटा मध्ये आणतो. जीमॅटचं सॉफ्टवेअर साधारण तसंच काम करतं. प्रत्येक प्रश्न किती अवघड आहे हे त्याला आधीच माहीत असतं. तुमचं उत्तर बरोबर आलं की तुमच्याबद्दलचा अंदाज वर सरकतो आणि पुढचा प्रश्न सहसा थोडा जड येतो. चुकलं की हलका. यालाच अडॅप्टिव्ह टेस्ट म्हणतात.

म्हणून दोघांचे बरोबर प्रश्न सारखे असले तरी स्कोअर वेगळा येऊ शकतो. किती बरोबर यापेक्षा कोणत्या पातळीचे बरोबर, हे महत्त्वाचं.

मला एका क्लासवाल्याने छातीठोकपणे सांगितलं होतं की पहिल्या दहा प्रश्नांवरच सगळं ठरतं. हे खोटं आहे. अंदाज शेवटच्या प्रश्नापर्यंत बदलत राहतो. या सल्ल्यामुळे मी पहिल्या प्रश्नांवर इतका वेळ घालवला की शेवटचे सुटले, आणि सेक्शन अपूर्ण राहिला तर स्कोअरला चांगलाच फटका बसतो. अडलात तर अंदाजाने टिक करा आणि पुढे चला. उत्तर दिल्याशिवाय पुढचा प्रश्न येतच नाही. सेक्शनच्या शेवटी वेळ उरला तर मागे जाऊन ३ उत्तरं बदलता येतात.

७०० चा आकडा डोक्यातून काढा

युट्युबवर अजून ‘७०० प्लस कसे मिळवाल’ असे व्हिडिओ फिरतात. त्यातले बरेच जुन्या परीक्षेचे आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये नवी आवृत्ती आली आणि जानेवारी २०२४ नंतर जुनी बंद झाली. निबंध, सेंटेन्स करेक्शन आणि भूमिती गेली. स्केलही बदललं: आता २०५ ते ८०५, आणि प्रत्येक स्कोअरच्या शेवटी ५ असतोच. जुन्या ७०० च्या बरोबरीचा आजचा स्कोअर साधारण ६४५ आहे. मॉकमध्ये ६४५ आले म्हणून निराश झालेला मित्र मी पाहिलाय! टेलिग्रामवरची पीडीएफ उघडलीत आणि त्यात सेंटेन्स करेक्शन दिसलं, तर ती सरळ डिलीट करा.

फोनवर होईल का?

सराव होईल, परीक्षा नाही. घरून द्यायची सोय आहे, पण त्यासाठी कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप लागतो, टॅब्लेट चालत नाही. म्हणून जीमॅकच्या अधिकृत साइटवरच्या दोन मोफत मॉक तरी मोठ्या स्क्रीनवर द्या. डेटा इनसाइट्समधले तक्ते सहा इंचांवर वाचायची सवय तिथे उपयोगी पडत नाही.

आणि सगळ्यात आधी पासपोर्ट काढा. भारतात परीक्षा केंद्रावर आधार कार्ड चालत नाही, मूळ पासपोर्टच लागतो. आपल्याकडे कुठे वडिलांचं नाव मध्ये असतं, कुठे नसतं. लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं. रजिस्ट्रेशन करताना नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर जुळवून टाका. जुळलं नाही तर दारातून परत पाठवतात, आणि भरलेली फी बुडते.