चादरीच्या शहरातली गोधडी

सोलापूर म्हटले की चादर आठवते. जॅकार्डवर विणलेली, दोन्ही बाजूंनी नक्षी दिसणारी, वर्षानुवर्षे धुऊनही न फाटणारी ही चादर भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे. अशा शहरात गोधडीचा इतिहास शोधणे अनेकांना उलटे वाटेल. यंत्रमाग आला, स्वस्त पांघरूण घरोघर पोचले आणि हाताने शिवलेली गोधडी मागे पडली, असा हिशोब सहसा मांडला जातो. मला तो अर्धाच खरा वाटतो. यंत्राच्या कापडाने आजीची सुई थांबवली नाही. घरभराच्या पांघरुणाची जबाबदारी तिच्यावरून काढून घेतली आणि ती सुई नातवंडांकडे वळवली. बाळाचे दुपटे, कुंची, चिंध्यांची बाहुली आणि आता बटण लावायचे, नाडी ओवायचे, खिशातून पक्षी काढायचे कापडी पुस्तक, हा सगळा पसारा त्या वळणानंतर वाढलेला आहे.

1860 मध्ये रेल्वे सोलापुरात पोचली आणि 1877 मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे तिलाच लोक ‘जुनी गिरणी’ म्हणू लागले. त्याआधीही शहरात हातमाग होते, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर होते, पण कापड महाग होते आणि म्हणूनच ते कधी टाकले जात नसे. लुगडे मधे विरले की फाटका भाग काढून दंड घालायचा, दंडही विरला की त्यातून पोरींचे परकर काढायचे, आणि तेही संपले की उरलेले थर एकावर एक रचून धावदोऱ्याने गोधडी शिवायची. पंढरपूर-सांगोल्याकडे घोंगडी होती, तरी रोजचे अंथरूण-पांघरूण बहुतेक घरांत हीच गोधडी. ती मोठ्या माणसांची गरज होती. बाळाच्या वाट्याला यायचा तो उरल्यासुरल्यातला तुकडा. गिरण्या उभ्या राहिल्या तशी हजारो कुटुंबांच्या हाती रोख पगार आला, बाजारात कटपीस आले, आणि पुढे चादर आली. मोठ्यांना उबेसाठी गोधडीवाचून अडायचे कारण उरले नाही. चादर मात्र पाळण्यात चालत नाही. ती जाड असते, भरड असते, वजनदार असते. तान्ह्या अंगाला शेकडो धुण्यांनी मऊ झालेले नऊवारीचे सूतच हवे. म्हणून गोधडी घरातून गेली नाही, ती आकाराने लहान होऊन पाळण्याशी आली.

यावर पहिला आक्षेप असा की गोधडी मुळात प्राचीन आहे, तिला गिरणीच्या काळाशी बांधणे चूक. ती प्राचीन आहे हे खरेच. कर्जतचे गोदड महाराज हे नावच गोधडीशी जोडलेले आहे, आणि मराठी, कन्नड, तेलुगू या सोलापूरच्या तिन्ही भाषांत तिला वाकळ, कौदी, बोंत अशी जुनी नावे आहेत. पण वस्तू जुनी असली म्हणजे तिचा उपयोगही जुनाच राहतो असे नाही. फकिराच्या खांद्यावरची गोधडी, शेतकऱ्याच्या अंथरुणातली गोधडी आणि बाळंतविड्यात झबले-टोपऱ्यासोबत घडी घालून ठेवलेली गोधडी यांत टाका तोच असला, तरी शिवणारीच्या मनातला माणूस वेगळा आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ही गरिबीतली काटकसर होती, तिला कला म्हणणे म्हणजे दारिद्र्याला नटवणे. जिथे दुसरे काही मिळतच नव्हते तिथे हा आक्षेप मी मान्य करते. परंतु गिरणीच्या गावात नवे कापड सहज मिळत असतानाही दुपट्यासाठी मुद्दाम जुने पातळ निवडले जाई, कडेला गडद रंगाची पट्टी, मधे चौकोनांची मांडणी असे ठरवून केले जाई. ज्या कामात निवड आहे, मांडणी आहे आणि ती चुकली तर उसवून पुन्हा शिवण्याची तयारी आहे, त्याला केवळ काटकसर म्हणून कसे भागेल?

कौशल्याचा प्रश्न निघाला की शिकण्याचा प्रश्नही येतो. ‘आईकडून लेकीकडे आले’ एवढ्यावर आपण थांबतो आणि शिक्षणाचा वाटा विसरतो. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी 1909 मध्ये उभारलेल्या पुण्याच्या सेवासदनाने शिवणकामाला स्त्रियांच्या शिक्षणात मानाची जागा दिली, आणि सेवासदनाचे काम सोलापुरातही आले. शाळेतले शिवण, मग पायाचे मशीन, मग गणवेशाच्या धंद्यातले काम, असा हा रस्ता आहे. सोलापूर आज शालेय गणवेशांसाठी ओळखले जाते, आणि या धंद्यात काजे-बटण करण्यासाठी बायका कपडे घरी आणतात. याच शहरातल्या विडी वळणाऱ्या बायकांच्या कष्टांची निदान मोर्चांतून, वसाहतींतून नोंद झाली. काजे-बटणाच्या कष्टांची तेवढीही झाली नाही. कापडी पुस्तकातले बटणाचे पान या हातांना नवे नाही. त्यांनी ते हजारदा केलेले आहे, फक्त दुसऱ्याच्या मुलाच्या शर्टावर.

कापडी पुस्तक ही बाहेरून आलेली हौस आहे, असे कुणी म्हणेल. कल्पना बाहेरची आहे, यात शंका नाही. लंडनच्या डीन कंपनीने 1903 पासून कापडी पुस्तके छापली. मारिया माँटेसरींनी 1907 मध्ये रोमला बालगृह सुरू केले आणि त्यांच्या साधनांत बटण, हूक, नाडी यांच्या चौकटी आल्या. मात्र ताराबाई मोडकांनी 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेतला आणि पुढे बोर्डी-कोसबाडला अनुताई वाघांसह आसपास सापडणाऱ्या वस्तूंतूनच बालशिक्षणाची साधने घडवली, तेव्हाच हा विचार मराठी झाला. महागड्या लाकडी चौकटीऐवजी कापडाचे पान हे त्याच विचाराला धरून आहे.

आजीची सुई दुपट्याकडून कापडी पुस्तकाकडे वळण्याचे आणखी एक कारण थेट कापडातच आहे. गोधडीला सुती कापड लागते आणि नऊवारी नेसणाऱ्या बायका कमी झाल्या तसे ते घरात मिळेनासे झाले. गणवेशाच्या कारखान्यातून निघणारे कातरण बहुतेक टेरिकॉटचे: घाम न शोषणारे, धुऊनही मऊ न पडणारे. त्याची गोधडी बाळाला टोचेल, आणि कुठलीही जाणती आजी ती शिवणार नाही. पण तेच कापड पानासाठी उत्तम, कारण ते ताठ उभे राहते, रंग सोडत नाही आणि मुलाने दिवसभर ओढले तरी उसवत नाही. गिरण्या बंद पडल्या, गणवेशाचा धंदा वाढला, आणि घरात येणाऱ्या चिंधीचा पोतच बदलला. सोलापुरात पुढच्या पिढीची नातवंडे दुपट्यापेक्षा कापडी पुस्तकावर अधिक वाढली, तर त्याचे कारण आजीच्या आवडीत जितके असेल तितकेच या कातरणात असेल.