खोल श्वास आणि भरलेले कॅरेट

‘खोल श्वास घ्या, रक्तातला ऑक्सिजन वाढतो.’ पिंपळगाव बसवंतला पहाटे फिरायला निघालेल्या मंडळींपासून शाळेतल्या योगदिनापर्यंत हे वाक्य इतक्यांदा कानावर पडते की त्याचा पुरावा कोणी मागत नाही. समजूत अगदीच निराधार नाही. सप्तशृंगीच्या पायऱ्या चढताना धाप लागते, तेव्हा शरीराला जास्त ऑक्सिजन लागतच असतो. त्यावरून ‘जास्त श्वास, जास्त ऑक्सिजन’ हे गणित कोणीही मांडील. निरोगी माणूस स्वस्थ बसलेला असताना मात्र ते चुकते.

मुळात फुप्फुसे आपल्या बळावर हवा ओढत नाहीत. त्यासाठी लागणारे स्नायूच त्यांच्याकडे नाहीत. छातीच्या तळाचे श्वासपटल आकुंचन पावून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खाली उतरते, बरगड्या किंचित उचलल्या जातात, आतला दाब पाऱ्याच्या जेमतेम 1 मिलिमीटरने घटतो आणि बाहेरची हवा आपसूक आत येते. शांत श्वासात ती सुमारे 500 मिलिलिटर. त्यातली 150 श्वासनलिकांतच राहते, बाकीची वायुकोशांपर्यंत पोहोचते. असे वायुकोश 30 ते 50 कोटी. त्यांच्यातली हवा आणि केशवाहिनीतले रक्त यांच्यामध्ये 1 मायक्रॉनहूनही पातळ पडदा असतो. रक्त तिथे साधारण पाऊण सेकंद असते आणि ऑक्सिजन उचलण्याचे काम पाव सेकंदातच उरकते. म्हणजे घाई असली तरी वेळ पुरून उरतो.

खरी अडचण साठवणुकीची आहे. साध्या श्वासातच हिमोग्लोबिन 97-98 टक्के भरून निघते. भरलेल्या कॅरेटवर आणखी टोमॅटो रचले तर ते घरंगळणारच. 100 मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिनवर बसलेला ऑक्सिजन सुमारे 20 मिलिलिटर, नुसता विरघळलेला 0.3. कोविडच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर अजून कपाटात असेल तर बोटाला लावून पाहा. कितीही छाती फुगवा, 98 चे फार तर 99 होतील. कोविडच्या रुग्णाला पालथे झोपवल्यावर आकडा चढायचा हे खरे, पण त्याच्या फुप्फुसांचे काही भाग हवेला बंद झालेले असत. तो दाखला धडधाकट माणसाला लागू नाही.

मग प्राणायाम थोतांड समजायचा का? मुळीच नाही. 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी प्राणायामातल्या वायूंची प्रयोगशाळेत मोजदाद केली आणि त्याचे मोल जादा ऑक्सिजनमध्ये नाही, असेच मत मांडले. योगाचा एवढा कैवारी ज्या युक्तिवादाला हात लावत नाही, तो आपण शंभर वर्षांनीही उगाळत बसलो आहोत! संथ श्वासाने नाडी मंदावते, मन निवते. तेवढा लाभ पुरेसा नाही का?

भराभर खोल श्वास घेतल्याने बदल होतो तो कार्बन डायऑक्साइडमध्ये. तो धुऊन निघतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. यालाच कित्येक जण ‘ऑक्सिजन चढला’ म्हणतात. श्वास घेण्याची निकड मुख्यतः या वायूच्या प्रमाणावर ठरते, हे हॉल्डेन आणि प्रीस्टली या शास्त्रज्ञांनी 1905 मध्येच दाखवून दिले.

इथे ही समजूत जिवावर बेतू शकते. उन्हाळ्यात विहिरीच्या तळाचा गाळ वर आणायची पैज लागते. गडी काठावर उभा राहून आठ-दहा जोरदार श्वास घेतो आणि सूर मारतो. फुप्फुसे गच्च भरल्याने काही सेकंदांचा ऑक्सिजन पदरात पडतो खरा, पण कार्बन डायऑक्साइड त्याहून कितीतरी जास्त घटलेला असतो. तो पुन्हा वाढून ‘आता वर ये’ असा इशारा मिळायच्या आत ऑक्सिजन संपतो आणि शुद्ध हरपते. पट्टीचा पोहणाराही त्यातून सुटत नाही. उलट दम धरण्याची हौस त्यालाच अधिक.

तेव्हा विहिरीवर वा शेततळ्यावर कोणी बुडीआधी असे भराभर श्वास घेताना दिसला, तर त्याला तिथेच अडवा. आणि काठावर लक्ष ठेवणारे कोणी नसेल, तर पोरांना पाण्यात उतरू देऊ नका.