‘चक्रीवादळ’ : एका शब्दाची दृष्टी

वादळाच्या नावांचा इतिहास हा ते वादळ पाहणाऱ्याच्या स्थानाचाही इतिहास असतो. हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ साली कलकत्त्यात राहून खलाशांसाठी लिहिलेल्या ग्रंथात ‘सायक्लोन’ ही संज्ञा पुढे मांडली. मूळ ग्रीक शब्दाच्या अनेक अर्थांपैकी सापाच्या वेटोळ्याकडे त्यांनी मुद्दाम लक्ष वेधले. वारा वळत जातो एवढेच सांगावे, तो अचूक वर्तुळातच फिरतो असे प्रतिपादू नये, ही सावधगिरी त्यामागे होती.

मराठीने या संज्ञेसाठी ‘चक्रीवादळ’ हा शब्द स्वीकारला. ‘चक्रवात’ हा संस्कृत शब्द भागवतातील तृणावर्ताच्या कथेत येतो; परंतु तेथे तो गोकुळावर धूळ उधळणाऱ्या वावटळीचा वाचक आहे, शेकडो मैल पसरलेल्या सागरी वादळाचा नव्हे. हिंदीने तोच शब्द नव्या अर्थाने योजला. मराठीने मात्र नित्याच्या ‘वादळा’ला ‘चक्री’ हे विशेषण जोडले. या प्रक्रियेत वेटोळे गेले आणि चाक आले. पिडिंग्टन ज्या विधानाशी थबकले, ते मराठी शब्द निःशंकपणे करतो.

पण हे चक्र दिसते कोणाला? किनाऱ्यावरील माणसाला एका दिशेचा वारा जाणवतो. केंद्र माथ्यावरून गेलेच तर काही काळ शांतता, आणि मग उलट दिशेचा वारा. अनेक जहाजांच्या नोंदवह्या एकत्र मांडल्या, तेव्हाच वर्तुळ कागदावर उमटले. ‘चक्रीवादळ’ हा अशा रीतीने नकाशाचा शब्द आहे. ‘तुफान’ तसा नव्हता. अरबीत तो नूहच्या काळातील जलप्रलयाचा, म्हणजे बुडणाऱ्याच्या अनुभवाचा शब्द. मराठीत मात्र ‘तुफान गर्दी’, ‘तुफान विनोदी’ अशा प्रयोगांतून त्यातील भय पार ओसरले आहे.

३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या वादळाचे नाव ‘निसर्ग’ होते. बांगलादेशाने सुचविलेले हे नाव एप्रिल २०२० मध्येच यादीत समाविष्ट झाले होते. नाव आधी, वादळ नंतर. बालकवींना ‘निसर्गकवी’ म्हणणाऱ्या भाषेत त्या शब्दाने माडा-पोफळींच्या बागा आडव्या केल्या.

नकाशाची दृष्टी तुच्छ नव्हे. तिच्यामुळेच इशारे मिळतात आणि माणसे वाचतात. तथापि साहित्यातील वादळ वाचताना, शब्द वरून पाहतो आहे की खालून सोसतो आहे, हा प्रश्न समीक्षेने टाळता कामा नये.