४४१८०२
भंडारा जिल्ह्यातील साकोलीचा पिनकोड. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. टपालखात्याने वर्ग-मुळे पाहून आकडे वाटले नव्हते. तरीही साकोलीच्या वाट्याला देखणी संख्या आली.

तिचे निम्मे २२०९०१ ही मूळ संख्या असल्याने तिला १, २, २२०९०१ आणि ती स्वतः असे चारच विभाजक आहेत. खरी गंमत पुढे आहे: २२०९०१ = ४७०² + १. परिणामी ४४१८०२ = ४६९² + ४७१², आणि दोन वर्गांची बेरीज म्हणून ती मांडण्याची दुसरी रीत नाही.

वर्गात १ मिळवून होणाऱ्या मूळ संख्या अनंत आहेत का, हा एडमुंड लांडाऊ यांनी १९१२ मध्ये पुढे आणलेला प्रश्न अजून सुटलेला नाही.