चार उदाहरणांत दिसलं, म्हणून?

मंडळी, आजच्या विषयाचं नाव अवघड आहे : जॉइंट स्पेक्ट्रल रेडियस. माझा प्रांत तत्त्वज्ञानाचा. पण या गणिताच्या इतिहासात जो प्रश्न अडला तो आमचाच आहे, आणि तो चारशे वर्षांपूर्वी मूळच्या विदर्भातल्या एका घराण्यात विचारला गेला होता. म्हणून बोलतो.

दोन डबे घ्या, डावा आणि उजवा. उजव्यात एक रुपया. पहिला नियम : उजव्यातली रक्कम दुप्पट करून डाव्यात टाकायची, डाव्यात आधी जे होतं ते बाद, उजवा रिकामा. दुसरा नियम याच्या उलट. एकच नियम लागोपाठ दोनदा लावला तर दोन्ही डबे रिकामे, म्हणजे एकेकटा नियम निरुपद्रवी. पण आलटून पालटून लावा : दोन, चार, आठ, सोळा! गणितात असा नियम म्हणजे एक मॅट्रिक्स. नियम हव्या त्या क्रमानं लावायची मुभा असेल, तर दीर्घकाळात दर पावलाला जास्तीत जास्त किती पट वाढ होते, तो हा आकडा. इथं तो 2. ज्यान-कार्लो रोटा आणि गिल्बर्ट स्ट्रँग यांनी 1960 साली ही कल्पना मांडली.

आकडा काढायचा कसा? क्रम लांबवत जायचं आणि वरची मर्यादा व खालची मर्यादा जवळ आणायच्या. दोन नियम, वीस पावलं, म्हणजे 10,48,576 क्रम. गुस्ताफ ग्रिपेनबर्ग यांनी 1996 साली बिनकामाच्या फांद्या छाटण्याची रीत दिली, त्यानं ओझं बरंच हलकं झालं. तरी थांबायचं कधी? आपले ज्योतिषी असकृत्कर्म करत, म्हणजे आलेलं उत्तर त्याच रीतीत पुन्हा घालत, ते बदलेनासं होईपर्यंत. इथं दोन मर्यादा जवळ येतात, पण भेटतीलच असं नाही.

1995 साली लॅगॅरियस आणि वांग यांनी अटकळ बांधली : कमाल वाढ देणारा एखादा मर्यादित क्रम नेहमी असतोच, तोच पुन्हा पुन्हा लावायचा. तपासलेल्या उदाहरणांत तसं दिसत होतं.

आता कृष्ण दैवज्ञ. यांचं घराणं विदर्भातलं, पयोष्णीकाठच्या दधिग्रामचं. वडील बल्लाळ काशीला गेले. भाऊ रंगनाथ यांनी 1603 साली सूर्यसिद्धान्तावर टीका लिहिली, पुतण्या मुनीश्वर पुढं मोठा गणिती झाला. (आपल्या तालुक्यात दहिगाव रेचा आहे, लगेच नातं जोडू नका, नाव जुळणं हा पुरावा नव्हे.) भास्कराचार्यांच्या बीजगणितावरच्या 'बीजपल्लव' टीकेत कृष्ण विचारतात : दोन संख्यांच्या वर्गांच्या बेरजेत त्यांचा दुप्पट गुणाकार मिळवला की बेरजेचा वर्ग येतो, हे उपपत्तीशिवाय कसं मानायचं? काही ठिकाणी तसं दिसतं, याला किंमत नाही. नाहीतर गुणाकाराची चौपट म्हणजे बेरजेचा वर्ग, हेही मानावं लागेल. दोन आणि दोन घ्या : चौपट सोळा, बेरजेचा वर्गही सोळा. तीन आणि दोन घेतले की चोवीस आणि पंचवीस. खलास.

भारतीय गणितात नुसते नियम होते, सिद्धता नव्हती, असं सर्रास म्हणतात. त्यांनी ही टीका उघडलेली नसते.

लॅगॅरियस-वांग यांची अटकळ 2002 साली ब्यूश आणि मेरेस यांनी मोडली. अशा मॅट्रिक्स-जोड्या असतात की कोणताही मर्यादित क्रम घोटवत बसलं तरी कमाल वाढ गाठली जात नाही. एक नेमकं उदाहरण हाती यायला मात्र 2011 उजाडलं. त्याआधीच, 2000 साली, ब्लाँडेल आणि त्सित्सिक्लिस यांनी दाखवलं होतं की हा आकडा 1 च्या आत आहे की नाही, हे प्रत्येक वेळी ठरवून देणारी कृती असूच शकत नाही.

मग संगणकानं करायचं काय? गुग्लिएल्मी आणि प्रोतासोव्ह यांच्या पद्धतीत आधी एक क्रम उमेदवार म्हणून निवडतात. त्याच्या वाढीनं सगळे नियम भागतात आणि एक बंदिस्त आकृती पावलापावलानं रचत जातात. सगळे नियम लावूनही आकृतीबाहेर काही पडेनासं झालं की उमेदवार खरा ठरतो. म्हणजे कृती थांबणं हीच उपपत्ती. डब्यांचं हातानं होतं. दोन्ही नियमांतली दुप्पट काढून टाका. आता कोणत्याही डब्यात एक रुपयाहून जास्त नसेल, तर कोणताही नियम लावा, पुढंही नसणार. तेव्हा दर पावलाला दुपटीवर जाता येत नाही. आणि दुप्पट तर आलटून पालटून मिळतेच.