मँडोलिनची खर्जाची तार

व्हायोलिन आणि मँडोलिन या दोन वाद्यांच्या तारा एकाच स्वरांत लावतात, हे पुष्कळांना माहीत नसते. दोन्हींची घोडीपासून मेरूपर्यंतची लांबीही जवळपास सारखी, सुमारे ३३ सेंटिमीटर. सर्वात वरच्या तारेची कंपनसंख्या सेकंदाला ६५९, तर सर्वात खालच्या तारेची १९६. म्हणजे एकाच लांबीच्या तारांतून ३.३६ पट अंतरावरचे दोन स्वर काढायचे आहेत. आपल्या तंबोऱ्याला ही अडचण येत नाही. त्याची तार जवळजवळ मीटरभर लांब असते आणि खालच्या-वरच्या तारांत एका सप्तकाचेच अंतर असते. त्यामुळे खर्जाला पोलादाऐवजी जरा जाड आणि जरा जड अशी पितळेची तार लावली की काम भागते. तोकड्या मँडोलिनला एवढे पुरत नाही. ही अडचण सोडवताना जे उपाय निघाले, त्यांतलाच एक म्हणजे चपट्या गुंडाळीची तार.

तारेचा नियम आपण शाळेत शिकवतो: लांबी व ताण कायम ठेवून कंपनसंख्या निम्मी करायची तर तारेचे दर सेंटिमीटरचे वजन चौपट करावे लागते. फ्रान्सच्या मेर्सेनने १६३६ साली हे संबंध व्यवस्थित मांडले. त्याच्याही आधी, १५८०-९० च्या दशकात, गॅलिलिओचे वडील व्हिंचेंझो यांनी तारांना वजने टांगून पाहिली होती. ते स्वतः ल्यूटवादक होते. ताण दुप्पट केला की स्वर एक सप्तक चढतो, असे पायथागोरसच्या नावावर शतकानुशतके सांगितले जात होते. प्रत्यक्षात ताण चौपट करावा लागतो, हे त्यांना आढळले. (हा प्रयोग वर्गात दहा मिनिटांत होतो. तो आधी कोणी करून पाहिला नाही, याचेच आम्हाला नवल वाटते.)

त्या काळी तारा आतड्याच्या असत, म्हणजे सारंगीवर असते तशी तात. आतड्याची घनता कमी, म्हणून खर्जासाठी तात फार जाड घ्यावी लागे आणि जाड तात ठस्स वाजे. इंग्लंडमध्ये १६५९ च्या एका टिपणात चांदीच्या तारेने मढवलेल्या ल्यूटच्या तारांचा उल्लेख सापडतो. १६६४ मध्ये लंडनचे प्रकाशक प्लेफर्ड यांनी अशा तारांची जाहिरातच दिली. कल्पना साधी होती. तात बारीकच ठेवायची आणि तिच्यावर धातूची बारीक तार वेटोळ्यांनी गुंडाळायची. वेटोळी वजन वाढवतात, पण वाकताना एकमेकांपासून सुटी राहतात, त्यामुळे तार ताठ होत नाही. वजन आणि ताठरपणा यांची फारकत करणारी ही युक्ती नसती तर छोट्या वाद्यांना खर्ज मिळालाच नसता.

नेपल्सची मँडोलिन अठराव्या शतकाच्या मध्याला घडली. १७६८ ते १७७२ या काळात पॅरिसमध्ये ती शिकवणारी पुस्तके निघाली. त्या काळी एकाच वाद्यावर चार तऱ्हांच्या तारा दिसत: सर्वात वर तात, तिच्याखाली हार्प्सिकॉर्डची पितळी तार, मग दोन पितळी तारांना पीळ घालून केलेली एक, आणि खर्जाला गुंडाळलेली. तारेचे वजन वाढवायच्या जेवढ्या युक्त्या तोवर सुचल्या होत्या, त्या सगळ्या एका हातभर वाद्यावर!

एकोणिसाव्या शतकात चांगली पोलादी तार मिळू लागली. नेपल्सचे पास्क्वाले विनाच्चा यांनी १८३५ च्या सुमारास मँडोलिनचा सांगाडा पोलादी तारांचा ताण सोसेल असा बदलला. इंग्लंडमध्ये हॉर्सफॉल यांनी १८५४ मध्ये तारेला उष्णतेची प्रक्रिया देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यांच्याच कारखान्याच्या तारेचे कवच १८६६ च्या अटलांटिक केबलला होते.

मग खर्जालाही नुसती जाड पोलादी तार का लावू नये? हिशोब करून पाहू. वरची तार पाव मिलिमीटर जाडीची घेतली, तर तेवढ्याच ताणाची खर्जाची तार ०.८४ मिलिमीटर जाड लागेल. तारेचा ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. जाडी ३.३६ पट, तर ताठरपणा सव्वाशे पटींहून अधिक! अशी तार सळईसारखी वागू लागते. तिचे वरचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटींत राहत नाहीत, चढे लागतात. पडद्यावर दाबली तरी ती बेसूर होते. म्हणून पोलादी गाभ्यावरही गुंडाळी आलीच.

ही गुंडाळी गोल तारेची असते तेव्हा तिला स्क्रूसारखे कंगोरे येतात. बोट सरकले की ‘चर्र’ असा आवाज होतो, पडदे झिजतात आणि खाचांत घाम-मळ साठून तार लवकर बद्द वाजू लागते. त्यावर तोड म्हणून गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळायची. विसाव्या शतकात ही रीत रुळली. १९१९ मध्ये व्हिएन्नात सुरू झालेल्या थोमास्टिक-इन्फेल्ड या कारखान्याच्या अशा तारा मँडोलिनवादकांत विशेष नावाजल्या गेल्या.

इथे वर्गात मांडता येईल असे एक गणित आहे. चौरसात बसवलेले वर्तुळ चौरसाचा ७८.५ टक्के भाग व्यापते. गोल तारेची वेटोळी शेजारी शेजारी बसली की उरलेला भाग हवेचा. पट्टी जवळजवळ सगळी जागा भरते. समजा, खर्जाची तार एकूण ०.८६ मिलिमीटर, गाभा ०.३६, आणि सगळेच पोलाद. गोल गुंडाळीचे वजन मीटरला ३.७५ ग्रॅम येते, चपटीचे ४.५६ ग्रॅम. तोच स्वर लावायचा तर ताण पहिलीत ६.४ किलो, दुसरीत ७.८ किलो. पाकिटावर जाडी तीच छापलेली, पण ताण पाचव्या हिश्शाहून जास्त!

मँडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात आणि आठही तारांचा ताण मिळून साठ किलोंच्या आसपास जातो. शंभर वर्षांपूर्वीच्या, पातळ फळीच्या नेपल्सच्या वाद्यावर केवळ जाडी जुळवून चपट्या तारा चढवल्या, तर फळी खचू शकते. तेव्हा तार निवडताना जाडी न पाहता ताण पाहावा. चपटी तार हवी असेल तर ती थोडी बारीकच घ्यावी.

ध्वनीचा प्रश्न वेगळा. चपट्या तारेचे वरचे उपस्वर लवकर विरतात, त्यामुळे आवाज गोल, काहीसा गडद येतो. जर्मनीतल्या अभिजात वादकांना तो आवडतो. अमेरिकेतल्या ब्लूग्रास वादकांना बँजोच्या गलक्यातून वर येणारा ठसठशीत आवाज लागतो, ते गोल गुंडाळीच पसंत करतात. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. निवडीची खरी कसोटी मोठ्या भावंडांवर लागते. मँडोलिनवर गुंडाळलेल्या जोड्या बहुधा दोनच असतात. मँडोला आणि मँडोचेलो यांवर त्या वाढतात, गुंडाळी जाड होते आणि बोटांचा चर्रआवाजही वाढतो. तिथे आमचा कल चपट्या तारेकडे आहे.

आपल्याकडे हे वाद्य मींडेसाठी वाकवले गेले. संगीतकार सज्जाद हुसेन (१९१७-१९९५) मुंबईत मँडोलिनवर रागदारी वाजवत. दक्षिणेत यू. श्रीनिवास (१९६९-२०१४) यांनी विजेच्या मँडोलिनवरच्या जोड्या काढून एकेकच तार ठेवली आणि खर्जासाठी पाचवी तार वाढवली. तार पडद्यावर आडवी ओढायची, तर दोन तारा एकाच वेळी सारख्या ओढणे कठीण जाते. तिथे गुंडाळी गोल की चपटी यापेक्षा तारा किती, हा प्रश्न आधी आला.